नीती कुणाची, आणि सूट कुणाला?

एआयच्या नीतीवर कुठेही बोलणं निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं. पश्चिमेकडे व्यक्ती मोठी, पूर्वेकडे समाज मोठा, म्हणून युरोपवाले प्रायव्हसी प्रायव्हसी करतात आणि चीनमध्ये लोकांना कॅमेऱ्याचं काही वाटत नाही, आणि आपण भारतीय मधे कुठेतरी. परवा पणजीत एका कार्यक्रमात हेच पुन्हा ऐकलं, बोलणारे अभ्यासू होते, हेतूही चांगला होता, पण मला ते अजिबात पटलं नाही आणि तिथे वेळ संपल्यामुळे बोलता आलं नाही. मी फोंड्याच्या बाजूला मुलांना कॉम्प्युटर शिकवते, गेली काही वर्षं या गाईडलाईन्स, कायदे, सरकारी रिपोर्ट जमतील तसे वाचतेय, आणि वाचून वाचून माझं जे मत झालंय ते इथे लिहून ठेवते.

आधी हे मान्य करते की संस्कृतीचा फरक खरा आहे. एमआयटीवाल्यांनी २०१६ मध्ये एक ऑनलाईन खेळ सुरू केला होता, मॉरल मशीन नावाचा. बिनड्रायव्हरच्या गाडीचा ब्रेक फेल झाला तर तिने कुणाला वाचवायचं, म्हाताऱ्याला की मुलाला, आतल्याला की रस्त्यावरच्याला, असे प्रश्न. २३३ देश-प्रदेशांतून जवळपास ४ कोटी उत्तरं आली, २०१८ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यावर पेपर आला, आणि त्यात देशांचे सरळ तीन गट पडले. चीन, जपान असलेल्या पूर्वेकडच्या गटात म्हाताऱ्यांना सोडून तरुणांना वाचवण्याकडे कल बराच कमी. आता हे वाचून लगेच कुणीही म्हणेल, बघा, संस्कृती! आणि ते चूक नाही, मोठ्यांचा मान आपल्यालाही कळतो.

पण त्याच्याच आसपास जर्मनीत काय झालं ते बघा. जून २०१७ मध्ये बिनड्रायव्हरच्या गाड्यांसाठी नेमलेल्या त्यांच्या एथिक्स कमिशनने २० नियम दिले, अध्यक्ष होते घटना कोर्टाचे माजी न्यायाधीश उडो दि फाबिओ, आणि त्यातला एक नियम असा की अपघात टळणारच नसेल तेव्हा वय, लिंग, शरीराची किंवा मनाची अवस्था यावरून माणसामाणसांत फरक करायला सक्त मनाई. लोकांना काय वाटतं ते त्यांनी मोजलंच नाही. ज्या देशात एकेकाळी सरकारी डॉक्टरांनी याद्या करून अपंगांना, मनोरुग्णांना मारलं, तिथे कुणाचा जीव जास्त मोलाचा हा प्रश्न मशीनला विचारायचाच नाही असं ठरलं. ही जुनी परंपरा वगैरे काही नव्हे. हा इतिहासाचा घाव आहे, आणि घाव आणि परंपरा यांच्यात मोठा फरक असतो कारण घाव कधी झाला, कुणी केला, ते सांगता येतं.

माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. कुठल्याही देशाची एआयची नीती वाचा, वर छान छान शब्द असतात, ते सगळीकडे जवळपास सारखेच. २०१९ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी जगभरातल्या ८४ गाईडलाईन्स शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. पारदर्शकता ७३ मध्ये सापडली, न्याय, जबाबदारी, प्रायव्हसी वगैरे बऱ्याच ठिकाणी, आणि सगळ्या ८४ मध्ये आहे असं तत्त्व मात्र एकही नाही. आणि त्यातली बहुतेक श्रीमंत देशांतून आलेली, आफ्रिका, दक्षिण अमेरिका जवळजवळ गायब. म्हणजे वरचे शब्द बघून काही कळत नाही. खाली दोन गोष्टी शोधायच्या, एक म्हणजे कुठला घाव लक्षात ठेवून हे लिहिलंय, आणि दुसरी म्हणजे या नियमांतून सूट कुणाला दिलीय.

हॉलंडचं बघू. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथली लोकसंख्येची रजिस्टरं युरोपात अगदी नेटकी म्हणून नावाजलेली, प्रत्येकाचा धर्म लिहिलेला. नाझी आले आणि तीच रजिस्टरं त्यांना आयती मिळाली. मार्च १९४३ मध्ये भूमिगत कार्यकर्त्यांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात बॉम्ब लावले ते याचसाठी, कागद जळावेत म्हणून. तरी तिथल्या ज्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश मारले गेले. जर्मनीतल्या हेसे राज्याने १९७० मध्ये जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला, १९८३ मध्ये जनगणनेवरून लोक रस्त्यावर आले आणि घटना कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या माहितीवर माणसाचा स्वतःचा हक्क आहे. २०२४ चा युरोपियन युनियनचा एआय ॲक्ट या रस्त्याने आलेला आहे. ब्रुसेल्समध्ये कुणाला एकदम व्यक्तिस्वातंत्र्याचा साक्षात्कार झाला असं काही नाही.

आणि घाव असला म्हणजे माणूस कायम शहाणा राहतो असंही नाही. त्याच हॉलंडमध्ये मुलांच्या सांभाळाच्या सरकारी भत्त्यात फ्रॉड शोधायला टॅक्स खात्याने कॉम्प्युटरची सिस्टीम वापरली, तिच्यात नागरिकत्व हा सुद्धा संशयाचा एक निकष होता, हजारो कुटुंबांवर, त्यात परदेशी मुळं असलेले भरपूर, खोटे आरोप झाले, लोकांची घरं गेली, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आठवण होती, गाईडलाईन्स होत्या, तरी झालं. उपयोगी पडलं ते कोर्ट. २०२० मध्ये हेगच्या जिल्हा कोर्टाने अशीच दुसरी एक सरकारी सिस्टीम, सिरी (SyRI) नावाची, फोनमधली सिरी नव्हे, मानवी हक्कांच्या विरोधात आहे म्हणून बंद पाडली होती.

आता गोव्याकडे येते, कारण हा सगळा विषय मला ज्या जागी येऊन भिडला ती जागा म्हणजे पोर्तुगालच्या घटनेचं ३५ वं कलम.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यात इथे काय होतं ते आपल्या घराघरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं आहे. पेपर सेन्सॉर, भाषण सेन्सॉर, सभा बंद. माझी आजी सांगायची की लग्नपत्रिका छापायची तरी ती आधी दाखवून आणावी लागायची, लग्नपत्रिका! जून १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया आजारपणातून उठून विश्रांतीसाठी असोळणेला मित्राकडे, डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, लोक भेटायला यायला लागले, आणि हे सगळं ऐकून त्यांनी ठरवलं की बंदी मोडून सभा घ्यायची. १८ जूनला मडगावला भर पावसात ती सभा झाली, दोघांना पकडलं. त्या दिवशीची मागणी काय होती हे आपण जरा विसरलोय असं मला वाटतं. पहिली मागणी नागरी स्वातंत्र्याची होती. परवानगी न मागता चार माणसांनी एकत्र यावं, बोलावं, छापावं आणि त्यासाठी पोलिसाने नाव लिहून घेऊ नये. आपल्या स्वातंत्र्याच्या शेवटच्या पर्वाची सुरुवात जमिनीवरून किंवा धर्मावरून झाली नाही, सभेच्या हक्कावरून झाली, आणि मला याचा फार अभिमान वाटतो.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला सुटला. खुद्द लिस्बन त्या राजवटीतून सुटायला २५ एप्रिल १९७४ उजाडावं लागलं, म्हणजे आपल्यानंतर बारा वर्षांहून जास्त. तिथल्या लोकांनाही तेच सेन्सॉर, तीच पिडे नावाची गुप्त पोलीस आणि तिची माणसामाणसाची फायलींची कपाटं. मग १९७६ मध्ये त्यांनी नवीन घटना लिहिली तेव्हा त्यात कॉम्प्युटरवर एक अख्खं कलम घातलं. १९७६ मध्ये! तेव्हा घरात कॉम्प्युटर जवळजवळ कुणाच्याच नव्हता. त्या ३५ व्या कलमात आहे की आपल्याबद्दल काय साठवलंय ते नागरिकाला कळलं पाहिजे आणि दुरुस्त करता आलं पाहिजे, राजकीय मतं, धर्म, खासगी आयुष्य यांची माहिती कॉम्प्युटरमध्ये घालून माणसं छाननीला लावायची नाहीत, आणि नागरिकाला एकच एक राष्ट्रीय नंबर द्यायला मनाई. आजही तिथल्या ओळखपत्रावर टॅक्सचा नंबर वेगळा, आरोग्याचा वेगळा, सोशल सिक्युरिटीचा वेगळा असतो त्याचं मूळ इथे आहे.

एकाच हुकूमशहाच्या खाली दोन लोक दबले होते. एकाने तो घाव कॉम्प्युटरच्या कलमात लिहून ठेवला. आपण दरवर्षी लोहिया मैदानावर हार घालतो, भाषणं करतो, आणि नंतर बारा अंकी आधार नंबर रेशनपासून सिमकार्डपर्यंत सगळीकडे देतो. मी आधारच्या सरसकट विरोधात नाही, ज्या देशात कोट्यवधी लोकांकडे स्वतःचं नाव सिद्ध करायला एक कागद नव्हता तिथे एका नंबरने दारं उघडली हेही खरं आहे, आपला घाव तो होता, कागद नसणं. पण म्हणूनच मी म्हणते की यात पूर्व-पश्चिम काही नाही. पोर्तुगीज माणूस जन्मतःच प्रायव्हसीवाला नव्हता, १९७४ च्या आधी तिथे कुणी तसं म्हटलं असतं तर तुरुंगात गेला असता.

आणि आपल्याकडे तर या दोन देशांच्या राज्यघटना एकाच घरात राहतात. मुक्तीच्या आधी जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊ शकतात, सासष्टीत, बार्देशात अशी किती घरं आहेत ते मी सांगायला नको. एक भाऊ लिस्बनला, एक वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. २ फेब्रुवारी २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये कामाच्या जागी आणि शाळेत कॅमेऱ्याने चेहरा वाचून माणूस खूष आहे की वैतागलेला हे ओळखणाऱ्या एआयवर बंदी आहे, कंपनीने मोडली तर साडेतीन कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ७ टक्के, जे जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. वेर्ण्याच्या भावासाठी असा नियम नाही. दोघं एकाच आईच्या हातचं जेवून मोठे झाले, तेव्हा यात संस्कृती कुठे बसवायची?

चीनबद्दल थोडं लिहिते कारण तिथल्या माणसांवर आपण सगळ्यात जास्त अन्याय करतो. तिथल्या लोकांना प्रायव्हसीचं काही पडलेलं नाही असं म्हणतात. हांगझोऊमध्ये एक कायद्याचे प्राध्यापक आहेत, ग्वो बिंग. सफारी पार्कने वर्षाच्या पासला बोटाच्या ठशाऐवजी चेहऱ्याचं स्कॅन सक्तीचं केलं, तर २०१९ मध्ये ते सरळ कोर्टात गेले आणि जिंकले. २०२० मध्ये तिथल्या एका मासिकाने जेवण पोचवणाऱ्या मुलांवर मोठा रिपोर्ट केला, ॲपचा अल्गोरिदम दर वेळी मिनिटं कमी करतो आणि पोरं सिग्नल तोडून जीव धोक्यात घालतात, देशभर संताप झाला, आणि १ मार्च २०२२ पासून लागू झालेल्या अल्गोरिदमच्या नियमांत डिलिव्हरीवाल्यांच्या हक्कांची तरतूद आली, वर वापरणाऱ्याला रेकमेंडेशन बंद करायचं बटण द्यायलाच हवं हेही आलं. आपल्या पणजीत, म्हापशात पावसातून स्कूटर मारत जाणाऱ्या मुलांसाठी मला असा नियम आत्ता हवा आहे. पण त्याच चीनच्या १५ ऑगस्ट २०२३ पासूनच्या जनरेटिव्ह एआयच्या नियमांचं चौथं कलम वाचा, तिथे समाजवादी मूल्यं पाळायची, राजसत्ता उलथवायला चिथावणारं काही तयार करायचं नाही. कंपनीपासून नागरिकाला संरक्षण आहे, सरकारपासून नाही. हे कन्फ्युशियसने सांगितलेलं नाही, हे सत्तेवरच्या पक्षाने स्वतःसाठी लिहिलेलं आहे.

जपानच्या बाबतीत पण असंच, त्यांचा शिंतो धर्म, वस्तूंमध्येही आत्मा, म्हणून त्यांना रोबो आवडतात असं सांगतात. असेलही थोडं. पण जवळपास २९ टक्के लोक ६५ च्या वरचे, कामाला माणूस मिळत नाही, इंडस्ट्रीला एआय हवंच आहे, म्हणून तर २०१८ मध्येच त्यांनी कॉपीराईट कायदा बदलून मशीनला शिकवायला दुसऱ्याचं लिखाण वापरायची बरीच मोकळीक दिली. आत्म्यापेक्षा मला हे कारण जास्त पटतं.

आणि अमेरिका म्हणजे माझ्या मुद्द्याचा सगळ्यात सरळ पुरावा. ३० ऑक्टोबर २०२३ ला बायडन यांनी आदेश काढला, मोठी मॉडेल्स बनवणाऱ्यांनी सेफ्टी टेस्टचे निकाल सरकारला कळवायचे, भेदभाव तपासायचा वगैरे. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प आले आणि पहिल्याच दिवशी तो आदेश रद्द. त्याच वर्षी जुलैत त्यांच्या सरकारच्या एआय ॲक्शन प्लॅनमध्ये तर सांगितलं की मानकं ठरवणाऱ्या सरकारी निस्ट संस्थेच्या एआय रिस्कच्या चौकटीतून चुकीची माहिती, विविधता आणि समावेश, हवामान बदल हे उल्लेख काढून टाका. पंधरा महिन्यांत कुठल्या देशाची संस्कृती बदलत नाही. माणसं तीच, चर्च तीच, युनिव्हर्सिट्या त्याच. बदललं ते सरकार, आणि नीती त्याच्या मागून गेली.

आता सूट कुणाला हा माझा दुसरा प्रश्न. युरोपचा ॲक्ट, ज्याची मी आत्ता एवढी स्तुती केली, तो लष्कराला आणि राष्ट्रीय सुरक्षेला लागूच नाही. चेहरा वाचून भावना ओळखणाऱ्या एआयवर ऑफिसात आणि शाळेत बंदी, पण सीमेवर आणि पोलिसांकडे सरसकट बंदी नाही, तिथे फक्त जास्त नियम. म्हणजे जिथे माणूस सगळ्यात घाबरलेला असतो, निर्वासित म्हणून आलेला असतो, तिथे मशीनने त्याचा चेहरा वाचलेला चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपचा एआयवरचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांना खुला झाला, त्यातही राष्ट्रीय सुरक्षा बाहेर. आणि आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा उघडा, कलम १७, सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला पूर्ण कायद्यातूनच सोडू शकतं. बर्लिन असो की बीजिंग की दिल्ली, प्रस्तावनेत प्रत्येकाची संस्कृती वेगळी दिसते आणि सूट देणाऱ्या कलमात सगळे एकसारखे. हे वाचून मला खरंच राग येतो, कारण संस्कृती संस्कृती म्हणून आपण जे वाद घालतो त्याच्या आड हे निवांत होऊन जातं.

भारताच्या बाबतीत मला वाईट जास्त वाटतं कारण सुरुवात आपण चांगली केली होती. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमुखाने सांगितलं. २०२१ मध्ये नीती आयोगाने जबाबदार एआयवर रिपोर्ट काढला आणि त्यात तत्त्वांचा पाया म्हणून वेद-उपनिषदं पण नाही घेतली आणि अमेरिकन कंपन्यांची पत्रकंही नाही, थेट आपली राज्यघटना घेतली. मला ते फार आवडलं होतं, मी वर्गात मुलांना ते वाचून दाखवायचे. आपल्यासारख्या देशात, जिथे संस्कृती एक नाहीच, तिथे सगळ्यांनी मिळून सही केलेला एकच कागद आहे, तो हाच.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनी या एआय चॅटबॉटने पंतप्रधानांबद्दलच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून गदारोळ झाला, तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी हे आयटी नियमांचं उल्लंघन आहे म्हटलं, आणि १ मार्चला मंत्रालयाची ॲडव्हायजरी आली की पुरेसं टेस्ट न झालेलं मॉडेल लोकांना द्यायच्या आधी सरकारची परवानगी घ्या. स्टार्टअपवाले ओरडले, १५ मार्चला नवीन ॲडव्हायजरी, परवानगीची अट गेली. १६ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. तारखा एकमेकींच्या शेजारी ठेवून बघितल्या की नीती कशाने हलते ते दिसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने एआय गव्हर्नन्सच्या गाईडलाईन्स काढल्या, सात सूत्रं, त्यातलं एक सूत्रच असं की अडवण्यापेक्षा नवनिर्मितीला आधी, आणि वेगळ्या कायद्याची सध्या गरज नाही. नवनिर्मिती मलाही हवी आहे, माझे विद्यार्थी त्यावरच पोट भरणार आहेत. पण ज्याचं रेशन मशीनने अडवलं त्याने कुठल्या सूत्राकडे दाद मागायची?

बाहेरची नीती जशीच्या तशी उचलून आणली तर काय चुकतं तेही सांगते, नाहीतर मी फक्त युरोपचं कौतुक केलं असं होईल. मशीन भेदभाव करतं का ते बघणाऱ्या अमेरिकेतल्या फेअरनेसच्या बहुतेक चाचण्या वंश आणि लिंग यांच्याभोवती आहेत. जात त्यात नाही. २०२१ मध्ये निथ्या संबाशिवन आणि त्यांच्या गूगल रिसर्चमधल्या सहकाऱ्यांनी यावर चांगला पेपर लिहिला होता, की भारतात ते माप लावून चालत नाही, इथे डेटाच अर्ध्या लोकांचा नसतो. आणि मी पुढे जाऊन म्हणते की भारताचं एक माप करून ते गोव्याला लावलं तरी चालणार नाही. दिल्लीत बसून कुणी आडनावावरून जात ओळखून भेदभाव तपासायचा प्रोग्राम लिहिला, तर इथे नाईक आणि गांवकर ही आडनावं किती वेगवेगळ्या समाजांत आहेत? आणि फर्नांडिस, डिसोझा बघून ख्रिस्ती म्हणजे जातीचा प्रश्न नाही असं मशीनने ठरवलं तर तेही साफ चूक, धर्म बदलून चारशे वर्षं झाली तरी बामण, चाड्डी, सुदीर हे लग्नं जुळवताना इथे अजून विचारतात. हे इथल्या माणसाला माहीत असतं, गाईडलाईनला माहीत नसतं.

भाषेचंही तसंच. १९८७ च्या आपल्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आणि मराठी शासकीय कामासाठी वापरता येईल असं आहे, त्याच्यासाठी किती आंदोलनं झाली, माणसं गेली, ते मी पुन्हा उकरत नाही. मी मराठीची आहे, मराठीत लिहिते, माझं मन मराठीच्या बाजूचं आहे. पण उद्या सरकारी खिडकीच्या जागी चॅटबॉट बसला आणि तो रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या कोंकणीत टाईप केलेला पेन्शनचा प्रश्न समजू शकला नाही, तर ज्या आजीने आयुष्यभर रोमीतच प्रार्थना वाचली, तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची जाहिरात वाचली, तिची पेन्शन राहील. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या माणसाची बोली त्याला कळली नाही तर तेच. इथे नीतीचा प्रश्न भाषावादाच्या कुठल्या बाजूला आपण आहोत याच्यावर सोडता येणार नाही, आणि नेमकं तसंच होईल याची मला भीती आहे, कारण डेटा कुठल्या भाषेचा गोळा करायचा हे टेंडर काढणारं खातं ठरवणार आणि खातं राजकारण बघणार.

तर गोव्याने करायचं काय. मला वाटतं आपण आपल्या घावापासून सुरुवात करावी. २०२३ मध्ये मेरशीच्या जंक्शनवर एआयचे कॅमेरे आले, हेल्मेट नाही, सिग्नल तोडला की तालांव, म्हणजे दंडाची पावती घरी. अपघात कमी होत असतील तर मला ते हवेच आहेत, आपल्या रस्त्यांवर दर आठवड्याला जाणारी तरुण पोरं बघून कुणीही हेच म्हणेल. पण कॅमेरा नंबरप्लेट वाचतो तसा उद्या चेहराही वाचू शकतो, सॉफ्टवेअर बदलायचा प्रश्न आहे फक्त. आणि त्याच रस्त्याने मोर्चे जातात. जमीन रूपांतराच्या विरोधात, कोळशाच्या विरोधात, म्हादईसाठी लोक रस्त्यावर येतात, त्यात सरकारी नोकर असतात, त्यांची बायको-मुलं असतात, टेंडर भरणारे असतात. आपला चेहरा कुठल्या यादीत गेला हे माहीत नसेल तर यातले निम्मे घरी राहतील. १९४६ च्या सभेत पोलिसाला प्रत्येक माणसाचं नाव विचारत फिरावं लागलं असतं, आता विचारायची गरज नाही.

दिल्लीची वाट बघायची गरज नाही असं मला वाटतं. घटनेच्या सातव्या परिशिष्टात पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. केंद्राने आपल्या यंत्रणांना सूट ठेवली असली तरी गोव्याच्या पोलिसांनी कॅमेरे कसे वापरायचे याचा कायदा पर्वरीच्या विधानसभेत करता येतो. सॅन फ्रान्सिस्को तर नुसतं शहर आहे, त्यांनी मे २०१९ मध्ये स्वतःच्या पोलिसांना आणि पालिकेच्या खात्यांना चेहरा ओळखणारी सिस्टीम वापरायला बंदी घातली, तीही सगळी टेक्नॉलॉजी जिथे बनते त्या गावात. आपण निदान एवढं लिहावं की सभेत, मोर्चात, देवळा-चर्चच्या फेस्तात जमलेल्या लोकांचे चेहरे न्यायाधीशाच्या लेखी आदेशाशिवाय ओळखायचे नाहीत, व्हिडिओ ठरलेल्या दिवसांनंतर पुसायचा, कॅमेरा कुणाचा, कंपनी कुठली, सॉफ्टवेअर काय करतं हे पंचायतीच्या बोर्डावर लावायचं, आणि चुकीचा तालांव आला तर दाद माणसाकडे मागता यावी, मशीनकडे नाही. अपवाद लिहायचाच असेल तर त्यात मुदत आणि अधिकाऱ्याचं नाव असावं.

हे चार मुद्दे मी आमच्या पंचायतीच्या येत्या ग्रामसभेत लेखी देणार आहे, आमदारांनाही प्रत देणार. मराठीतला मसुदा तयार आहे, देवनागरी आणि रोमी कोंकणीत करून द्यायला दोन ओळखीच्या शिक्षकांनी होकार दिलाय. तुमच्या गावच्या ग्रामसभेसाठी हवा असेल तर कळवा, गावाचं नाव आणि कॅमेरे कुठे बसलेत ते मात्र तुम्हालाच भरावं लागेल.